तारीख देण्याआधी पहाऱ्याची यादी मागा

महाराष्ट्रातील समस्त ह.भ.प. कीर्तनकार महाराज मंडळींना,

रामकृष्ण हरी.

कार्तिकी उरकली, आळंदीचा समाधी सोहळा झाला आणि पुढच्या चैत्राच्या तारखा तुमच्या डायरीत पडू लागल्या. सप्ताह समित्यांची ही धावपळीची वेळ. कोणते महाराज कोणत्या दिवशी, शेवटच्या दिवशी काल्याला कोण, गाडी कुठून पाठवायची, पाकीट केवढ्याचं, मृदंगमणी सोबत येणार की गावानं द्यायचा, एवढं बोलून फोन ठेवला जातो. मी गोदाकाठच्या एका गावात सप्ताहाचा जमाखर्च लिहितो, हरिपाठाला टाळ धरतो आणि हे फोनही बहुतेक मलाच करावे लागतात. त्या बोलण्यात एक प्रश्न कधीच येत नाही. तो तुमच्या तोंडून यावा, एवढ्यासाठी हे पत्र. समितीला तारीख देण्याआधी तुम्ही म्हणा, "तुमच्या पहाऱ्याची यादी वाचून दाखवा."

ज्यांनी सप्ताह जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. रात्री दोन वाजताही कुणीतरी ती गळ्यात घालून मंडपात उभं असतं. दोन-दोन तासांचे पहारे, दिवसाचे बारा, सप्ताहाचे चौऱ्याऐंशी. कुणाचा पहारा कधी, ते देवळातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं. जमिनीचा सातबारा तलाठ्याकडे मिळतो, माणसांचा या फळ्यावर. पहारा बदलताना वीणा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. तिथं वय बघत नाहीत, जात बघत नाहीत. दुपारी बांधावरून शिवीगाळ झालेली असली तरी रात्री वीणा घेताना वाकावंच लागतं. आमच्याकडची कितीतरी भांडणं कोर्टात न जाता या वाकण्यात जिरली आहेत.

२०२३ पासून आरक्षणाच्या प्रश्नावरून आमच्या भागात काय चाललंय ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही रोज एक गाव बघता. त्या मागणीच्या बाजूनं किंवा विरोधात मला इथं काही म्हणायचं नाही. मी फक्त फळ्याबद्दल बोलतोय. आधी यादी बदलली नाही, क्रम बदलला. एका जातीचे पहारे सलग आले, मग दुसऱ्या जातीचे सलग. कुणी बैठक घेऊन ठरवलं नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या सोयीची वेळ मागितली आणि लिहिणाऱ्यानं दिली. पण क्रम असा बसला की दिवसातून एक-दोन वेळा सोडल्या तर कुणाला दुसऱ्या जातीच्या माणसाच्या पाया पडायची वेळच येऊ नये. त्यानंतरच्या वर्षी वाडीवर वेगळा सप्ताह बसला. दोन मंडप, दोन वर्गण्या, समोरासमोर तोंड केलेले भोंगे. आणि महाराज, कीर्तनाला दोन्हीकडे तुमच्यातलेच एक आले. आज इथं, उद्या तिथं. दोन्हीकडे नाथमहाराजांनी श्राद्धाचं जेवण अस्पृश्यांना वाढल्याची कथा सांगितली, दोन्हीकडच्या बायाबापड्यांनी डोळे पुसले. हे एकच गाव दोन मंडपांत का बसलंय, हे त्यांनी दोन्ही दिवशी विचारलं नाही.

मी आमदारांना पत्र लिहित नाही, सरपंचांना लिहित नाही, तुम्हाला लिहितो. त्याचं कारण सरळ आहे. ग्रामसभेला कोरम भरत नाही. पुढाऱ्याच्या सभेला त्याच्याच पार्टीची माणसं येतात. शाळेच्या पालकसभेला आया येतात, बाप येत नाहीत. गाव एका जागी, एका सतरंजीवर, दोन तास गप्प बसून एका माणसाचं ऐकतं असं आता एकच ठिकाण उरलंय, आणि तिथं नारदाच्या गादीवर तुम्ही उभे असता. "आम्ही पुढारी नाही, आम्ही वारकरी," असं तुम्ही म्हणाल. पण ज्याच्या शब्दावर माणसं उठतात-बसतात तो पुढारीच. फक्त त्याला निवडणुकीला उभं राहावं लागत नाही, म्हणून त्याला जाबही कुणी विचारत नाही. आज मी विचारतोय, राग मानू नका.

"आमचं कोण ऐकतं?" हेही नेहमीचं उत्तर. महाराज, लोक ऐकतात. तुमच्या शब्दावर माणसांनी माळ घातली आणि बाटली सोडली, हे आमच्या गावात निदान दहा-बारा घरांनी अनुभवलंय. पोरींच्या लग्नातला बँडबाजा तुमच्या टोमण्यांनी कमी झाला. तुम्ही एखाद्या पोराचं नाव घेऊन कौतुक केलं तर त्याचं घर वर्षभर सांगत फिरतं. एवढी ताकद असताना जातीच्या गोष्टीवर आलं की तुम्ही एकदम सातशे वर्षं मागं जाता. तिथं सगळं सुरक्षित असतं. चोखोबांना ज्यांनी बाहेर ठेवलं त्यांच्यावर कडाडून बोलता येतं, कारण त्यांच्यातलं कुणी समोर बसून वर्गणी देत नसतं.

चोखोबांचा विषय निघालाच आहे तर नामदेवरायांकडे बघू. मंगळवेढ्याला गावकूस बांधताना ते कोसळलं आणि वेठीला लावलेले मजूर गाडले गेले, त्यात चोखोबा गेले. साल १३३८. नामदेव पंढरपुरातून नुसता अभंग रचून शोक करू शकले असते. ते स्वतः मंगळवेढ्याला गेले, त्या ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी घेऊन आले आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. ज्या दारातून चोखोबांना आत जाता आलं नाही, नेमकं तिथं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर. पुढं हेच नामदेव पंजाबात घुमानला राहिले, तिथल्या भाषेत गायले, आणि त्यांची एकसष्ट पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. परमुलुखात, परक्या बोलीत, वेगळ्या वळणाच्या लोकांनी ज्याला आपला मानलं असा शिंपी! आपण त्यांचं नाव घेतो ते पायरीपुरतं.

आता वारीतली एक गोष्ट. ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे, तरीही लिहितो, कारण नेतृत्व कशाला म्हणायचं याचं यापेक्षा नेमकं उदाहरण मला सापडलं नाही. माउलींची पालखी संध्याकाळी तळावर पोचते. दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा एकच कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंच करतात आणि बघता बघता सगळा समाज शांत होतो. माइक लागत नाही, पोलीस लागत नाही. पण त्या शांततेत कधी एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. अनोळखी माणसाला वाटेल, यांना चोप दिसला नाही. तसं नसतं. त्या दिंडीची तक्रार असते. पाणी मिळालं नाही, तंबूला जागा नीट मिळाली नाही, चालताना दुसरी दिंडी मध्ये घुसली, काहीही असेल. चोपदार त्या दिंडीकडे चालत जातात, काय झालं ते विचारतात, तिथंच निवाडा होतो. मग ते टाळ थांबतात. हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा होतो आणि मगच आरती.

यात तक्रार करणाऱ्याला पुढं यावं लागत नाही, ज्याच्या हातात चोप आहे तो चालत जातो. आणि तक्रार मिटेपर्यंत देवाची आरती थांबून राहते. लाखभर माणसं एका दिंडीच्या पाण्यासाठी उभी राहतात. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावली. ते शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते, फौज कशी चालते ते त्यांना ठाऊक होतं. माउलींचे घोडे आजही अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात, म्हणजे आता ज्याला आपण कर्नाटक म्हणतो तिथून. फौजेचा घोडा घेतला, फौजेचा तळ घेतला, पण तक्रार करणाऱ्याला फौजेत जे मिळतं ते घेतलं नाही. हैबतबाबांचं मोठेपण मला यात दिसतं.

वारी म्हणजे सगळं आलबेल, असा माझा दावा नाही. दिंड्यांच्या चुली जातवार होत्या, अजूनही काही आहेत. पण न थांबलेला टाळ ऐकायची रीत तिनं सांभाळली. ती गावच्या सप्ताहात मात्र आली नाही. आमच्याकडे ज्याची तक्रार असते तो टाळ वाजवत राहत नाही. तो गुपचूप येणं बंद करतो, आणि पुढच्या वर्षी यादीत त्याच्या जागी कुणाचंतरी दुसरं नाव असतं.

असं एक घर सांगतो. आमच्या सप्ताहाचे भोंगे आणि दिवे दोन पिढ्या एका मुसलमान कुटुंबाकडून यायचे. भाडं घ्यायचे, पण काल्याच्या दिवसाचं सोडायचे. मुलगा हरिपाठ चालू झाला की आवाज किती ठेवायचा, मृदंगाचा माइक कुठं धरायचा, हे न सांगता करायचा. मध्यंतरी एका रात्री आलेले महाराज निरूपण सोडून भलतीकडे वळले. त्या मुलाच्या धर्माबद्दल, त्यांच्या बायकांबद्दल बोलले. लोक हसले. तो मुलगा मशीनजवळ बसून त्या महाराजांचा आवाज नीट ऐकू येतोय ना, हे बघत होता. पुढच्या वर्षी फोन केला तर म्हणाला, "त्या आठवड्यात लग्नाची ऑर्डर आहे, काका." आता भोंगे तालुक्याहून येतात, महाग पडतात, आणि रात्री बिघडले तर दुरुस्तीला कुणी नसतं. जमाखर्चाच्या वहीत ही रक्कम 'ध्वनिक्षेपक' या खात्यावर पडते.

त्या महाराजांचं ते बोलणं दुसऱ्या दिवशी चाळीस सेकंदांचं होऊन मोबाइलवर फिरत होतं. दोन तासांतला जो अभंग होता तो कुणी कापून पाठवला नाही. मला तुमच्यातल्या तरुण मंडळींशी यावर बोलायचंय. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. गरिबाघरची पोरं तिथं वर्षानुवर्षं माधुकरी मागून शिकली, ज्ञानेश्वरीची ओवी अन् ओवी घोटून बाहेर पडली. एवढं शिकून आल्यावर टाळ्यांसाठी सुनेचा, मास्तरचा किंवा मुसलमानाचा विनोद लागावा? समोरचे हसतात म्हणून तो लागू पडला असं तुम्हाला वाटतं. हसणाऱ्यांत किती जण बाजूच्याकडे बघून हसतात ते गादीवरून दिसत नाही, आम्हा टाळकऱ्यांना मागून दिसतं.

याच संप्रदायात शेख महंमद झाले. श्रीगोंद्याचे. 'ज्ञानाचा एका, नामाचा तुका, कबीराचा शेखा' असं आपण म्हणतो ते हेच शेख. आपण जन्मानं अविंध, म्हणजे मुसलमान, आहोत आणि आपल्या हृदयात गोविंद आहे, हे दोन्ही त्यांनी एकाच श्वासात, न लाजता सांगितलं. त्यांचं नाव बदलून घ्यावं असं त्या काळात कुणाला वाटलं नाही. आपल्या काळात त्यांच्या समाधीस्थानावरून वाद आणि मोर्चे होतात, ते कुणाचे यावरून. तुकोबारायांची पालखी देहूतून निघते तेव्हा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथं अभंग-आरती होते, मग पुढची वाट. दरवर्षी वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो आणि खाली 'ऐक्याचे दर्शन' अशी ओळ असते. मला त्या फोटोपेक्षा एक गोष्ट महत्त्वाची वाटते, की तिथं कुणी भाषण करत नाही. तो पालखीचा ठरलेला थांबा आहे, थांबायचं म्हणून थांबायचं. चांगल्या रिती अशा वाटेतच बसवलेल्या असतात. मन मोठं असण्यावर त्या सोडलेल्या नसतात.

बौद्ध वस्तीचा विषय मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण इथं आपले भले लोकसुद्धा घोटाळा करतात. पहाऱ्याच्या यादीत त्यांची नावं का नाहीत, असं विचारून कुणी त्यांना वीणा धरायला बोलवू नये. १९५६ साली त्यांनी नागपुरात जे सोडलं ते विचार करून सोडलं. नाशिकच्या काळारामासाठी १९३० पासून वर्षानुवर्षं सत्याग्रह करूनही दार उघडलं नाही, तेव्हा बाबासाहेबांनी दुसरी वाट धरली. त्या लोकांना "या, आता तुम्हीही म्हणा विठ्ठल विठ्ठल" म्हणणं म्हणजे त्यांचा इतिहास न वाचणं. त्यांच्याशी आपलं नातं वेगळ्या जागी आहे. चैत्रातला सप्ताह आणि १४ एप्रिल काही वर्षं एकाच आठवड्यात येतात. तेव्हा मिरवणूक देवळापुढून जाते त्या वेळी भोंगा बंद राहतो की मुद्दाम वाढतो? २०२२ आणि २०२३ साली रमजानही त्याच दिवसांत होता. मगरिबच्या अजानला हरिपाठ दहा मिनिटं मागं-पुढं झाला तर विठोबाचं काय बिघडतं? या दहा मिनिटांसाठी गावात पोलीस आणावे लागतात, आणि तीच गोष्ट तुम्ही हरिपाठाला उभं राहताना नुसत्या हाताच्या खुणेनं करू शकता. सगळ्यांनी एकच अभंग म्हणावा असा माझा हट्ट नाही. ज्यांना म्हणायचा नाही त्यांनाही गावात निवांत राहता यावं, याची काळजी गादीवरच्या माणसानं घ्यावी.

"आम्ही दोन तासांचे पाहुणे, गावच्या राजकारणात कसे पडणार?" हा तुमचा पुढचा प्रश्न, आणि तो खरा आहे. त्याला मी तनपुरे महाराजांचं उत्तर देतो.

साने गुरुजींचं उपोषण सगळ्यांना पाठ आहे. १९४७, १ मे ते १० मे, विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर सभा घेत हिंडले. गांधीजींचाही सुरुवातीला विरोध होता, तरी गुरुजी हलले नाहीत. हे सगळं पुस्तकात असतं. पण उपोषण करायला जागा लागते. पंढरपुरात त्या दिवसांत गुरुजींना जागा देणं म्हणजे गावातल्या वजनदार लोकांशी वैर घेणं होतं. गुरुजी कोण? शाळामास्तर, तुरुंगात गेलेला माणूस, समाजवादी पोरांच्या घोळक्यातला. गळ्यात माळ नाही, फडाची परंपरा नाही. "हा बाहेरचा, याला आपल्या संप्रदायात काय कळतं," असं म्हणणं किती सोपं होतं! तनपुरे महाराज संप्रदायातले, स्वतः कीर्तनकार. त्यांनी आपला मठ दिला. गुरुजींच्या मुखातून सत्य निघत असेल, पण ते संप्रदायाच्या अंगणात उभं राहू शकलं ते या जागेमुळे. दहाव्या दिवशी मंदिराच्या पुजाऱ्यांनी मान्य केलं. काही सनातन्यांनी विठ्ठलाचं तेज घागरीत काढून घेतल्याचंही सांगतात. म्हणजे बाटलेली नुसती मूर्ती राहिली आणि देव घागरीत सुरक्षित! विठोबानं ते कसं घेतलं असेल कोण जाणे. त्याच्या समोरची रांग तर तेव्हापासून वाढतच गेली.

अकरा वर्षांनी, १९५८ साली, विनोबा पंढरपुरात आले आणि वेगवेगळ्या धर्मांच्या सोबत्यांना घेऊन विठ्ठलाच्या दर्शनाला गेले. त्यांना एकट्याला केव्हाही जाता आलं असतं. तेव्हाच्या बिहारमधल्या देवघर गावच्या मंदिरात १९५३ साली हरिजनांना सोबत नेलं म्हणून त्यांनी मार खाल्लेला होता. तरी पंढरपुरात त्यांनी जबरदस्ती केली नाही. बरोबरच्यांना सोडून मात्र गेले नाहीत.

गाडगेबाबांचं उदाहरण तुम्ही सगळे देता, पण तुमच्यातल्या फार थोड्यांना ते परवडेल. गावात आले की आधी खराटा. संध्याकाळपर्यंत गटारं साफ, मग कीर्तन, आणि कीर्तनात प्रश्नावर प्रश्न. उत्तर लोकांनी द्यायचं. "मी कुणाचा गुरू नाही, माझा कुणी शिष्य नाही" हे ते सांगत आणि तसंच वागत. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या शिक्षण संस्थेकडे सोपवून टाकली. ज्यांच्यासाठी बांधली त्यांच्याच माणसाच्या हातात किल्ली दिली. आपले आजचे किती मठ, किती गड, किती ट्रस्ट असे हात मोकळे करून बसलेत? असो. तो हिशेब मोठा आहे आणि मी फक्त सप्ताहाचा हिशेब लिहिणारा.

पैशाचं मात्र बोलावं लागेल, कारण गाठ तिथंच आहे. तुकोबांनी सांगून ठेवलंय, 'जेथे कीर्तन करावे, तेथे अन्न न सेवावे'. आजच्या काळात गाडी-डिझेल, साथीदार, घरसंसार सगळं त्यातूनच चालवायचं असतं, मला ते समजतं आणि पाकिटावर माझा आक्षेप नाही. पण पाकीट कोण देतो ते बघा. पूर्वी घरटी वर्गणीतून ते निघायचं. पायलीभर ज्वारी देणाराही म्हणायचा, "महाराजांना मी आणलंय." आता एका दिवसाचं कीर्तन एका पुढाऱ्याच्या नावावर असतं. बॅनरवर तुमचा फोटो केवढा आणि त्याचा केवढा, हे तुम्हीच बघा. ज्याच्या पैशानं तुम्ही आलात त्याच्यासमोर यादीचा प्रश्न काढणं जड जाणारच. म्हणून मी म्हणतो तो प्रश्न तारीख देण्याआधी, फोनवर विचारा. गादीवर उभं राहून विचाराल तर तो अपमान होईल, लोक तोंडं फिरवतील. फोनवर विचाराल तर ती अट होईल. तुमच्या नावाची गरज समितीला असते तोवरच ती अट चालते.

आणि अट अवघड नाही. यादीत गावातल्या, वाडीतल्या ज्या ज्या घरांना वीणा धरायची आहे त्यांची नावं असावीत, बायांचीही. बायांचे पहारे दुपारच्या वेळेतच का, हे जरूर विचारा. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरावा, म्हणजे कुणाच्या मागं कोण येईल ते कुणाच्या हातात राहणार नाही. जो पूर्वी यायचा आणि आता येत नाही त्याच्या घरी समितीतली दोन माणसं चालत जावीत, एक या बाजूचा आणि एक त्या बाजूचा. गावात दोन सप्ताह असतील तर तुम्ही दोन्ही समित्यांना सांगा की काला एकत्र करा, तरच येतो. सात दिवस वेगळे बसले तर बसू द्या, पण दहीहंडी एकच फुटावी. नगर-नाशिककडच्या मोठ्या सप्ताहांत भाकरी घराघरांतून जमा होते, ढीग लागतो आणि कुणाच्या चुलीवरची भाकरी कुणाच्या पानात पडली ते कुणालाच कळत नाही. तेवढं झालं तरी पुष्कळ.

तारखा जातील ही भीती आहे, आणि काही जातीलही. आमच्याच समितीत असे लोक आहेत जे म्हणतील, "हे महाराज फार शहाणे, दुसरे बघा." तुमच्यातल्या एकट्यानं विचारलं तर त्याचंच नुकसान होईल. म्हणून हे पत्र एकाला लिहिलं नाही. तुम्ही वर्षातून एकदा तरी एकमेकांना पंढरपुरात, आळंदीत भेटता. पन्नास जणांनी ठरवलं तर पाचशे गावांच्या याद्या पुन्हा लिहाव्या लागतील, कारण काल्याच्या कीर्तनाला मोठं नाव नसलं तर समितीला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. हे मी आतल्या गोटातून सांगतोय.

पुढच्या काही दिवसांत मीही तुमच्यापैकी कुणालातरी फोन करणार आहे. चैत्र शुद्ध नवमी ते पौर्णिमा, काल्याचा दिवस अजून मोकळा आहे. तुम्ही यादी विचाराल तेव्हा मी बहुधा सांगेन, "महाराज, ती अजून व्हायचीय, तुम्ही तारीख तर द्या." त्या वेळी मला एवढंच म्हणा, "झाली की फोन करा."

आपला,
गोदाकाठचा एक टाळकरी